धावती सहल

गाईडवाल्या सहलींना नाकं मुरडणाऱ्यांत मीही होतो. 'बघायचं तर निवांत, नाहीतर नकोच!' पण परवा माल्टाहून फेरीबोटीने गोझो बेटावर गेलो, तेही गाईडच्या मागे पळत, एका दिवसात. जगान्तियाची मंदिरं सुमारे ५५०० वर्षांची, इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी. ती पाऊण तासात उरकली. चुटपुट लागलीच.

मग द्वेरा. इथली 'अझुर विंडो' ही समुद्रातली प्रचंड दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. गाईडने जुना फोटो समुद्रासमोर धरला. 'कधीतरी निवांत येऊ' म्हणणाऱ्यांसाठी तिथे आता नुसतं पाणी आहे.

धावत का होईना, बघून घ्यावं. आई, तुझ्या पासपोर्टचा अर्ज भरतोय. गुडघ्यांची सबब चालणार नाही!