आधी आपला किनारा तरी फिरा!

लेह-लडाखचे प्लॅन कट्ट्यावर रोज शिजतात. पण वसई ते झाई हा आपल्याच जिल्ह्याचा किनारा सायकलवरून, तोही एकट्याने, किती जणांनी पाहिलाय? इतके दिवस एक सबब होती. मध्ये वैतरणा आडवी, त्यामुळे अहमदाबाद हायवेच्या ट्रेलरमधून वाट काढत वळसा घ्यावा लागे. एप्रिल 2025 मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून खारवाडेश्रीची रो-रो सुरू झाली आणि ती सबबही गेली. पलीकडे उतरलं की केळवे, सातपाटी, चिंचणी, डहाणू, बोर्डी. दोन दिवसांत आरामात होतं.

‘एकटी कशाला?’ घरचे विचारणारच, आणि त्यांची काळजी खोटी नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये 159 दिवसांत सुमारे 29 हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. वाटेत स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटलं, तरी तिने ती पूर्ण केली. धोका असतोच, त्यासाठी तयारी लागते. पंक्चर काढता यायला हवं, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवा, रोजचा मार्ग घरी सांगून अंधाराआधी मुक्काम गाठायला हवा.

वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. मच्छीमारांचा विरोध आहे, रोजगाराची आश्वासनंही आहेत. हा किनारा बदलणार, आणि तो आपल्या पिढीच्या वाट्याला येणार. त्यावर स्टेटस टाकण्याआधी तिथल्या माणसांशी बोलायला नको का? सोबत ग्रुप नसला की असं बोलणं आपोआप होतं. पाऊस संपला की टायरमध्ये हवा भरा आणि निघा!