नळाच्या पाण्याचा हिशेब

वसईच्या पश्चिम पट्टीतील भुईगावाला पाण्याचे मोल नव्याने शिकवावे लागत नाही. वाडीतली विहीर आणि शेजारचे बावखल यांवर या पट्टीची केळी, पानवेली व फुलशेती पिढ्यान् पिढ्या पोसली गेली. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरी गोड राहिल्या, याचे कारण जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याला रेटून धरते. उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींसाठी टँकर भरून पाणी जाऊ लागले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समिती यांनी उभारलेल्या आंदोलनाच्या मुळाशी हेच साधे शास्त्र होते.

२००९ साली वसई-विरार महापालिका स्थापन झाली. आज या शहराची तहान प्रामुख्याने सूर्या धरणाच्या पाण्यावर भागते. उसगाव व पेल्हार यांचा वाटा लहान आहे. सूर्याचे पाणी मुळात आदिवासी भागातील शेतीसाठी अडविले गेले होते आणि ते शहरांकडे वळविण्यास तेथील शेतकऱ्यांनी विरोधही केला. दुसऱ्याच्या शेताचा घास काढून आणलेले हे पाणी निदान नळाच्या तोंडाशी निर्दोष पोचते की नाही, एवढे तरी पाहिले जावे.

शुद्धीकरण केंद्रातील नमुना निर्दोष ठरला म्हणून गावाच्या टोकाच्या घरातील पाणी निर्दोष ठरत नाही. पाणी दिवसातून काही तासच सुटते. मधल्या काळात नळवाहिनी रिकामी होते, तिच्यात पोकळी निर्माण होते आणि फुटक्या सांध्यांतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. किनाऱ्यालगत ते खारट असू शकते. पाणी सुटताक्षणी एक आणि अर्ध्या तासाने दुसरा, असे दोन नमुने घेऊन त्यांतील क्लोराइड मोजले, तर दोहोंतील तफावत नळवाहिनीची अवस्था सांगून जाते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत सवलत मिळते. नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढे कोणतीही सवलत नाही, कारण तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते हिरावून घेते. पाणी उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले क्षार व नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटते तसे दाट होतात.

ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने यावर यंत्राचा तोडगा काढला आहे. विक्रेता पाण्यात हातमीटर बुडवितो, आकडा दाखवितो आणि गृहिणीला घाबरवून यंत्र गळ्यात मारतो. तो आकडा एकूण विरघळलेल्या क्षारांचा असतो; त्यात शिसे किती, नायट्रेट किती, हे तो सांगत नाही. शिवाय ही यंत्रे एक लिटर पाणी गाळताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतात. ज्याला यंत्र परवडत नाही त्या चाळकऱ्याला ना यंत्र, ना अहवाल.

तपासणी जाहीर झाली की काय घडते, याचे एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने भारतीय मानक ब्यूरोची नळपाण्याची पाहणी प्रसिद्ध केली. मुंबईचे दहाही नमुने उतरले, दिल्लीचे अकराही नापास झाले. दिल्लीत राजकीय वादळ उठले खरे, पण नळाच्या पाण्यावर राजधानीत उघडपणे भांडणे झाली, हेही थोडके नव्हे.

पक्षाच्या शाखांनी भुईगावापासूनच आरंभ करावा. प्रत्येक आळीतील शेवटचे घर निवडावे, स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा, तारीख व वेळ लिहावी आणि शासनमान्य प्रयोगशाळेत तो द्यावा. जंतुपरीक्षेसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, हे विसरू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, असे दोनदा करावे. आलेले आकडे रेशन दुकानाच्या भिंतीवर मराठीत लावावेत आणि त्यांची प्रत घेऊन प्रभाग कार्यालयात जावे. महापालिकेने स्वतःचे घरोघरचे आकडे दर महिन्याला लावण्याचे मान्य करीपर्यंत तेथून उठू नये.