बिऱ्हाडकरू आणि घरमालक

जळगावच्या नवी पेठेतील अथवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील औषधविक्रेत्याने परवाना भिंतीवर लावावा, फार्मासिस्ट हजर ठेवावा आणि चिठ्ठीविना झोपेची गोळी देऊ नये, असा १९४० च्या कायद्याचा व त्याखालील नियमांचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु तीच गोळी निमूटपणे घरपोच धाडणाऱ्या संकेतस्थळास ज्या कंपनीने आपल्या सर्व्हरवर भाड्याने जागा दिली, तिला जाब विचारू जावे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ ढालीसारखे पुढे येते. न्यायालयाचा हुकूम वा सरकारी सूचना मिळाल्यावाचून अशा मध्यस्थ कंपनीस ‘प्रत्यक्ष ज्ञान’ झाले असे मानू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णय मला मान्य आहे. प्रत्येक बिऱ्हाडकरूची ट्रंक उचकटणारा घरमालक कोणास हवा? मात्र सूचना हाती पडूनही जो भाडे वसूल करीत राहतो, तो घरमालक नव्हे, भागीदार होय. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी त्याला ३६ तासांची मुदत दिली होती. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा २०१८ चा मसुदा मात्र वर्षानुवर्षे दप्तरातच पडून राहिला. तोवर अन्न व औषध प्रशासनाने अशा कंपन्यांना रीतसर सूचना धाडाव्यात, आणि त्यांच्या तारखा जाहीर कराव्यात.