अंथरुणांतून उठवितांना

घरांत शस्त्रक्रियेचा प्रसंग आला म्हणजे सगळें घर एका दिवसाभोंवतीं गोळा होतें. पैसा कसा उभा करावयाचा, रक्त कोणी द्यावयाचें, परगांवच्या मुलानें केव्हां निघावयाचें, याचा खल होतो. शल्यगृहाच्या दाराशीं दहा माणसें उभीं असतात. डॉक्टर बाहेर येऊन ‘सर्व ठीक झालें’ असें सांगतात आणि सायंकाळपर्यंत मंडळी पांगते. खरें काम त्यानंतर सुरू होतें, व तें करावयास बहुधा एकटी सून उरते.

त्या पुढच्या दिवसांविषयीं, तेंही घरांतील वडीलधाऱ्यांपुरतें, आज लिहावयाचें आहे. न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडणें हा घरोघरीं घडणारा अपघात. तोच उदाहरणादाखल घेऊं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीं फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन येतो आणि म्हणतो, “चला आजी, उभ्या राहूं या.” तेव्हां खोलींत कोण गहजब होतो! “अहो, काल तर हाड बसविलें!” असें आत्याबाई म्हणतात, आणि मुलगाही मनांतून त्यांच्याच पक्षाचा असतो. ही माया खोटी नव्हे. परंतु ती चुकीच्या जागीं खर्च होते. खुब्यांत सळई, खिळे अथवा कृत्रिम सांधा बसवितात तो याचसाठीं कीं, त्या पायावर लवकर भार देतां यावा.

निजून राहिल्यानें मनुष्य बरा होतो ही समजूत केवळ आपलीच नव्हे. पाश्चात्य देशांतही शस्त्रक्रियेनंतर रुग्णांस आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. शिकागोचे एमिल रीस यांनीं १८९९ मध्यें रुग्णांस लवकर उठविण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाहीं. पुढें १९४७ मध्यें रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें अंथरुणाच्या धोक्यांवरच लेख लिहिला. पडून राहिल्यानें छातींत कफ सांचतो, पोटरीच्या शिरेंत रक्ताची गांठ होऊन ती फुप्फुसापर्यंत जाऊं शकते, पाठीला जखमा पडतात आणि पायांचें बळ जातें. अमेरिकेंतील एका प्रयोगांत सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेविलें, तेवढ्यांत त्यांच्या पायांतील स्नायूंचें वजन जवळजवळ १ किलोनें घटलें, असें २००७ मध्यें प्रसिद्ध झालें. तीं माणसें धडधाकट होतीं. आपल्या घरची पंचाहत्तरीची माई महिनाभर निजली तर ती पुन्हां देवघरापर्यंत स्वतःच्या पायांनीं जाईल कीं नाहीं, हा प्रश्न त्या पहिल्या आठवड्यांतच बव्हंशीं सुटतो किंवा बिघडतो. मात्र केव्हां उठवावें व किती भार द्यावा हें शल्यवैद्यानें सांगावयाचें. घरच्यांनीं आपल्या हिमतीवर ओढून उभें करूं नये.

उठण्याच्या आड वेदना येते. “मला कांहीं दुखत नाहीं गं,” हें आपल्या वृद्ध स्त्रियांचें ठरलेलें उत्तर. आपल्यापायीं कोणास त्रास नको, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘दुखतें का?’ असें न विचारतां ‘कूस वळतांना कसें वाटतें? खोकलें तर?’ असें विचारावें. सोसण्यांत येथें पुण्य नाहीं. दुखतें म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाहीं, आणि कफ सुटत नाहीं. चालविण्यापूर्वीं औषध केव्हां द्यावयाचें, हें परिचारिकेस आधींच विचारून ठेवावें.

परंतु घर खरोखर हादरतें तें दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीं. ज्या सासूबाईंनीं दुपारीं नातवाच्या परीक्षेची चौकशी केली, त्याच मध्यरात्रीं सुनेला “तूं कोण?” म्हणून विचारतात, कधींच विकून टाकलेल्या वाड्याचा दिंडीदरवाजा उघडावयास सांगतात, हाताची नळी ओढतात. मग कोणी म्हणतें डोक्यावर परिणाम झाला, कोणी दृष्ट काढावयास निघतें. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. हा भ्रम एकाएकीं येतो, दिवसांतून कमीजास्त होतो, आणि वृद्धांमध्यें शस्त्रक्रियेनंतर तो मुळींच दुर्मिळ नाहीं. त्याच्या मागें जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तांतील क्षारांची उणीव, एखादें औषध किंवा न सांगितलेली वेदना असूं शकते. म्हणून सकाळची वाट न पाहतां परिचारिकेस सांगावें. याचा एक मुका प्रकारही आहे. रुग्ण नुसता पडून असतो, हांकेला ओ देत नाहीं, आणि घरचे समाधानानें म्हणतात, “आज कशा शांत निजल्या आहेत!” तेंही सांगावयास हवें.

येथें घरच्या माणसाची किंमत कळते. येल येथें शॅरन इनोये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सत्तर व त्यापुढील वयाच्या ८५२ रुग्णांची पाहणी केली. ती १९९९ मध्यें प्रसिद्ध झाली. ते शस्त्रक्रियेचे रुग्ण नव्हते. परंतु त्यांच्यासाठीं केलें तें पाहावें. स्थळकाळाची आठवण देत राहणें, चष्मा व कर्णयंत्र वापरावयास लावणें, पाणी पाजणें, चालविणें, रात्रीची झोंप सांभाळणें, इतकेंच. नेहमींच्या शुश्रूषेंत शेंकडा १५ जणांना भ्रम झाला, तेथें या व्यवस्थेंत शेंकडा ९.९ जणांना. आणि आपल्याकडे चष्मा असतो घरच्या कपाटांत, हरवूं नये म्हणून!

भ्रमांत वाद घालूं नये. “वाडा विकला, आठवत नाहीं का?” असें दटावण्यापेक्षां हात हातीं घेऊन म्हणावें, “माई, मी तुमची धाकटी सून. आपण इस्पितळांत आहों, पायाचें ऑपरेशन झालें आहे. सकाळीं अण्णा येतील.” दहा वेळां विचारलें तर दहा वेळां तेंच सांगावें. दिवसां खिडकी उघडी असावी, रात्रीं दिवा मंद असावा, आणि रात्रीचीं माणसें शक्यतों ओळखीचीं व तींच असावीं.

तींच याचा अर्थ एकच नव्हे. पाळीचा प्रश्न आला कीं घरांतील पुरुषमंडळी डॉक्टरांशीं बोलण्याचें काम पत्करतात आणि जागरण सुनेकडे येतें. मुलाला आईचे पाय चेपतां येतात, पाणीही पाजतां येतें. जें संकोचाचें काम असेल त्यासाठीं परिचारिका आहे. दोन रात्री जागलेल्या सुनेला तिसऱ्या रात्रीं झोंप मिळालीच पाहिजे, कारण औषधाची चूक पेंगुळलेल्या हातूनच होते. डॉक्टरांचें सांगणें मात्र एकानेंच ऐकून वहींत टिपावें. भेटावयास येणाऱ्यांनीं दहा मिनिटांत उठावें, आणि दुसऱ्या कोणाचें ऑपरेशन कसें बिघडलें तें घरीं जाऊन सांगावें.

जेवणाचा डबा नेतांना नुसती पेज व मेतकूट नेऊं नये. डॉक्टरांनीं पथ्य सांगितलें नसेल तर घट्ट वरण, दूध, दहीं, मुगाचें धिरडें न्यावें. झीज भरून यावयास प्रथिनें लागतात. कवळीही बरोबर न्यावी.

घरीं आणण्याच्या आदल्या दिवशीं वाटेंतलें जाजम उचलावें, न्हाणीघरांत धरावयास दांडा बसवावा, रात्रीचा दिवा लावून पाहावा. खाट फार सखल नसावी. पाटावर बसणें, मांडी घालणें डॉक्टरांनीं मुभा देईपर्यंत बंदच. खुर्चीवर बसून पूजा कशी करावयाची, अशी तक्रार पहिल्याच सकाळीं होईल. तेव्हां देव्हाराच उचलून टेबलावर ठेवावा.