जेफरसनचे खोटे अवतरण आणि आगऱ्याचा सातबारा

हवे ते सर्व देण्याइतके मोठे सरकार तुमच्याजवळचे सर्व हिरावून घेण्याइतकेही मोठे असते, या आशयाचे एक वाक्य हल्ली थॉमस जेफरसनच्या चित्रासह मराठी पोस्टींमधून फिरत असते. जेफरसनच्या लेखनात ते कोठेही नाही. ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अमेरिकी काँग्रेससमोरच्या भाषणात ते वापरले होते. असो, हा धागा अवतरणाच्या जन्मदाखल्यासाठी नाही.

माझा आक्षेप त्या वाक्यासोबत आयात होणाऱ्या मांडणीला आहे. एका बाजूला व्यक्ती आणि तिची मालमत्ता, दुसऱ्या बाजूला सरकार. उजवे पहिल्याचे रखवालदार, डावे दुसऱ्याचे. नावडे फाट्यावर उभे राहून ही मांडणी पाहिली, तर ती पहिल्याच पावसात वाहून जाते.

आधी तिच्या माहेरची स्थिती पाहू. अमेरिकी राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की, सार्वजनिक उपयोगासाठी खाजगी मालमत्ता घ्यायची तर न्याय्य भरपाई द्यावी लागेल. पण सार्वजनिक उपयोग म्हणजे काय? कनेक्टिकटमधील न्यू लंडन शहराने सुझेट केलो या परिचारिकेचे घर विकासप्रकल्पासाठी घ्यायचे ठरवले. शेजारी फायझर कंपनीचे संशोधन केंद्र आले होते आणि शहराला करांचे उत्पन्न वाढवायचे होते. जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला. परंपरावादी गोटात संतापाची लाट उसळली आणि ४० हून अधिक राज्यांनी आपले कायदे बदलले. २००९ मध्ये फायझरने तेथून काढता पाय घेण्याचे जाहीर केले. ती जागा पुढे वर्षानुवर्षे ओसाड राहिली.

या खटल्यात परंपरावाद्यांचे म्हणणे बरोबर होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र केलोबाईंच्या बाजूने न्यायालयात निवेदन देणाऱ्यांत कृष्णवर्णीयांची जुनी संघटना एनएएसीपी हीही होती, कारण शहरविकासाच्या नावाखाली आधी कोणाच्या वस्त्या उठतात हे तिला ठाऊक होते. याउलट, त्याच वर्षी या निकालाचे जाहीर समर्थन करणारे एक प्रसिद्ध बांधकाम व्यावसायिक होते डोनाल्ड ट्रम्प. अटलांटिक सिटीत त्यांच्या कॅसिनोच्या मोटारींना जागा हवी म्हणून सरकारी प्राधिकरणाने व्हेरा कोकिंग यांचे घर घेण्याचा प्रयत्न केला होता. १९९८ मध्ये न्यायालयाने तो हाणून पाडला. म्हणजे माहेरीही ही मांडणी धड नांदत नाही.

आता आपल्याकडे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, कसणाऱ्याची जमीन कधी त्याची होती? ती खोताची होती. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेते न कसण्याचा संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ त्या दिवशी मालक मानले गेले. खोतांनी आणि जमीनदारांनी न्यायालयात हा कायदा पाडू नये म्हणून पहिल्या घटनादुरुस्तीने तो नवव्या परिशिष्टात ठेवला. त्या यादीत त्याचा क्रमांक दुसरा आहे.

येथे आयात मांडणीची गाडी रुळावरून घसरते. आगरी-कुणबी शेतकऱ्याला मालक बनवले ते सरकारने, आणि तेही दुसऱ्याच्या मालमत्तेचा हक्क मोडून. मालमत्ता पवित्र म्हणायची, तर कोणाची? खोताची की कुळाची? हा प्रश्न न विचारता मालमत्तेवर प्रवचन देणारा इतिहासाचा विद्यार्थी नव्हे.

मुळशीतही हेच दिसते. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा वरवंटा फिरवला. पुण्याच्या अनेक सावकारांचे तिथल्या जमिनींवर कागदोपत्री हक्क होते आणि त्यांना भरपाईचा सौदा मान्य होता. कसणाऱ्या मावळ्यांना नव्हता. सत्याग्रह त्या मावळ्यांचा होता, सेनापती बापटांनी त्यांच्यासाठी तुरुंगवास भोगला. तेव्हा व्यक्तीविरुद्ध सरकार असा सामना नव्हताच. सरकार, कंपनी आणि सावकार एका बाजूला होते.

मग सिडको आली. मार्च १९७० मध्ये स्थापना, मार्च १९७१ मध्ये नव्या शहराची जबाबदारी; ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावे. भाताची खाचरे, मिठागरे, खाडीकाठ, सगळे नकाशात गेले. कृषक दिनापासून मोजा: उणीपुरी चौदा वर्षे. त्याच १९७१ मध्ये संसदेने २५ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि मालमत्तेच्या कलमातील भरपाई हा शब्द काढून तेथे नुसती रक्कम असा शब्द घातला. भूसंपादन कायद्याखाली पैसे मिळत राहिले. पण ते पुरेसे आहेत का, हे राज्यघटनेच्या आधाराने विचारण्याची वाट बुजली. फोर्ड यांचे वाक्य येथे नेमके लागू पडते, हे मी नाकारत नाही.

पण त्या वेळी शेतकऱ्याच्या बाजूने कोण उभे राहिले? शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे लाल बावट्याचे, दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-न्हावाशेवा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आंदोलक हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना १९९० मध्ये आली, ती या रक्तातून. आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क घटनेतून पुरता वगळणारी ४४ वी दुरुस्ती १९७८ मध्ये कोणी आणली? जनता पक्षाने, ज्यात जनसंघ विलीन झाला होता आणि भारतीय लोकदलाच्या वाटेने राजाजी-मसानींच्या स्वतंत्र पक्षाचे अवशेषही आले होते. उजव्यांच्या डोळ्यांदेखत तो हक्क गेला. (शरद जोशी नवव्या परिशिष्टाविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले, हा त्यांचा मोठेपणा. त्यांचे वाचा, रेगनपेक्षा जवळचे आहेत.)

मित्रहो, आता तुमच्याच प्रतिक्रियांकडे वळतो. संपादन झाले तेव्हा गावठाणांच्या सीमा गोठल्या, माणसे मात्र वाढत राहिली. मुलांनी आणि नातवंडांनी गावाशेजारी, एकेकाळच्या आपल्याच शेतात घरे बांधली. सरकारी भाषेत त्यांना गरजेपोटीची बांधकामे म्हणतात आणि ती नियमित करण्याचे निर्णय शासनाने वेळोवेळी काढले आहेत. तरीही तोडकामाची बातमी आली की, सकाळी जेफरसन वाटणारेच संध्याकाळी लिहितात: अनधिकृत आहे, बुलडोझर लावा. न्यू लंडनमधल्या एका घरासाठी गहिवरणाऱ्याला आजोबांच्या शेतात अतिक्रमणकर्ता ठरलेला शेजारी दिसत नाही. त्याला परंपरावादी कसे म्हणायचे? तो फक्त सदनिकाधारक आहे.

पनवेलच्या पुढे नैना क्षेत्रात आज हिशेब असा आहे: शेतकऱ्याने साठ टक्के जमीन सोडायची, चाळीस टक्क्यांचा विकसित भूखंड घ्यायचा. शेतकरी वर्षानुवर्षे विरोध करत आहेत. खाजगी मालमत्तेवर प्रेम असलेल्यांनी त्यांच्या सभेला एकदा तरी जावे. तेथे झेंडा बहुधा लाल असेल.