मत दिलंत, आता सभा मागा

१५ जानेवारी २०२६ ला वसई-विरार महापालिकेचं मतदान झालं. त्या दिवशी शाई लावलेल्या बोटांचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर होते. आठवड्याभरात शाई गेली, स्टेटस गेले, ११५ नगरसेवक निवडून आले आणि कामणमधल्या पंचविशीतल्या पोरापोरींचं राजकारण पुन्हा फोनमध्ये गेलं. तिथे दिल्ली आहे, गाझा आहे, अमेरिकेची निवडणूक आहे. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावरचे खड्डे मात्र तिथे फक्त मीम म्हणून येतात.

जगाची काळजी करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. पण ज्याला आपल्या प्रभागाचं कार्यालय कुठे आहे हे माहीत नाही, त्याच्या पुरोगामीपणाला नगरसेवक घाबरत नाही, बिल्डर घाबरत नाही, टँकरवाला तर मुळीच घाबरत नाही. हे लोक स्टोरी बघत नाहीत. ते फक्त बघतात की कार्यालयात कोण आलं, किती जण आले आणि पुन्हा आले का.

आधी गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडू. जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढची साडेपाच वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. रस्ता, पाणी, कचरा, बांधकाम परवानगी, सगळं अधिकाऱ्यांच्या सहीने चाललं. याच काळात नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत कोसळली आणि १७ माणसं मेली.

आता कुणी म्हणेल, बघा, नगरसेवक नसले की असं होतं. पण या इमारती काही प्रशासक आल्यावर उगवल्या नाहीत. त्यातल्या कित्येक बांधल्या गेल्या तेव्हा नगरसेवक होते, सभापती होते, महापौर होते. म्हणजे नगरसेवक होते तेव्हाही इमले चढले आणि नव्हते तेव्हाही ते तसेच राहिले. दोन्ही काळांत एक गोष्ट मात्र सारखी होती. त्या गल्लीत राहणाऱ्या माणसांनी एकत्र बसून जाब विचारावा अशी जागाच नव्हती. खोली घेणाऱ्याने एजंटला विचारलं, एजंटने बिल्डरकडे बोट दाखवलं आणि घरपट्टीची पावती हातात पडली की माणूस निर्धास्त झाला. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, हे भर सभेत सांगणारं कुणी नव्हतं, कारण सभाच नव्हती.

अशी जागा पूर्वी होती. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून महापालिका झाली. त्याआधी गावांत ग्रामपंचायत होती आणि ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही आठवतील. ग्रामसभा म्हणजे काही स्वर्ग नव्हता. तिथेही दोन घराणी बोलायची आणि बाकीचे सह्या करून जायचे, बायका दाराशी उभ्या राहायच्या. तरीही सरपंचाला वर्षातून काही वेळा लोकांसमोर बसावं लागे. एखादी म्हातारी उठून ‘विहिरीचे पैसे कुठं गेले?’ म्हणाली, तर तिला उत्तर द्यावं लागे.

म्हणूनच २००९ मध्ये इथल्या गावांनी महापालिकेला कडाडून विरोध केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईने विवेक पंडित यांना अपक्ष म्हणून निवडून दिलं, तेही याच रागातून. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला. मग प्रकरण न्यायालयात गेलं, वर्षानुवर्षं तिथेच राहिलं आणि गावं महापालिकेतच राहिली. लढा वकिलांच्या हाती गेला आणि माणसं घरी गेली. गाव महापालिकेत असावं की नसावं यावर भांडताना, महापालिकेत असेपर्यंत आमची सभा कुठे आहे, हा प्रश्न बाजूलाच पडला.

त्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. २००९ मध्येच राज्याने महापालिका कायद्यात ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली. जवळच्या काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, त्यातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य. कामं सुचवायची, प्राधान्य ठरवायचं, नगरसेवकाला तोंडावर विचारायचं. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा पैसा हवा असेल तर असा कायदा करा, ही केंद्राची अट होती. पैशासाठी कायदा झाला, पण राज्यातल्या बहुतेक शहरांत सभा कागदावरच राहिली. याला सगळेच पक्ष जबाबदार आहेत. लोकांनी एकत्र बसून विचारणं कुणालाच परवडत नाही. एकेकटा माणूस अर्ज घेऊन आला तर त्याचं काम करून त्याला उपकृत करता येतं. शंभर माणसं एकत्र आली की उपकार करता येत नाहीत, हिशेब द्यावा लागतो.

आता तुमच्या हरकती घेऊ.

पहिली: वेळ नाही. खरं आहे. कामण रोड स्टेशनवर वसई-दिवा गाडीची वाट पाहणाऱ्याला किंवा वसई स्टेशन गाठून लोकलमध्ये लोंबकळणाऱ्याला संध्याकाळ उरत नाही. गाळ्यात बारा तासांची पाळी करणाऱ्याला रविवारही उरत नाही. पण टँकर आला नाही म्हणून कामाचा खाडा कुणाचा होतो? तुमचा वेळ रोज जातोच आहे. प्रश्न एवढाच की महिन्यातले दोन तास तुम्ही स्वतःहून द्याल, की वीस तास रांगेत आणि खड्ड्यांत वसूल होऊ द्याल.

दुसरी: आम्ही भाड्याने राहतो, इथले नाही. क्षेत्रसभा घरमालकांची नाही, मतदारांची आहे. पहिल्यांदा नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६, दुसरीकडून इथे राहायला आला असाल तर फॉर्म ८. दोन्ही फोनवरून भरता येतात. उत्तर प्रदेशातून आलेला गाळ्यातला कामगार, कोकणातून आलेलं कुटुंब आणि डोंगरापायथ्याच्या पाड्यावरचा वारली, तिघांच्या नळाला पाणी एकाच खात्यातून यायचं आहे. ‘भूमिपुत्र विरुद्ध उपरे’ हे भांडण लावून देणाऱ्याला ते तिघं एका सतरंजीवर बसायला नको आहेत.

तिसरी हरकत कुणी मोठ्याने बोलत नाही: भीती. तिला हसू नये. नालासोपाऱ्यात आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनी कायद्याने परत मिळवून देणाऱ्या नवलीन कुमार यांची १९ जून २००२ ला हत्या झाली. या तालुक्यात जमिनीच्या प्रश्नावर बोलणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना कुणी शिकवायची गरज नाही. पण त्या मृत्यूतून आपण चुकीचा धडा घेतला. ‘या भानगडीत पडू नये’ असं आपण म्हणालो. म्हणायला हवं होतं की या भानगडीत कुणालाही एकटं पडू देऊ नये. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज एका नावाने गेला तर संध्याकाळी त्याच्या दारात माणूस येतो. तोच प्रश्न एकाच दिवशी चाळीस नावांनी गेला तर कुणाकुणाच्या दारात जाणार? अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चाळीस जणांचे चारशे रुपये झाले. ज्यांना बोलायचं धैर्य आहे त्यांना सुरक्षित ठेवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आता थोडं आपल्या पुरोगामी मंडळींना. तुमचे कार्यक्रम कुठे होतात? बहुतेक वेळा वसई पश्चिमेच्या सभागृहात, दुपारी चारला, ‘समकालीन वास्तव आणि आव्हाने’ या विषयावर. तिथे तीच साठ माणसं एकमेकांना तेच पटवून देतात. त्याच वेळी कामणच्या मैदानात कुणा भाऊंच्या नावाने क्रिकेट सामने चालू असतात, चौकात हळदीकुंकू, देवदर्शनाच्या मोफत बस, दहीहंडीचे फ्लेक्स. पोरं तिथे जातात म्हणून तुम्ही नाकं मुरडता. पोरं तिथे जातात, कारण तिथे त्यांना नावाने हाक मारली जाते.

याच भागातल्या इतिहासाकडे बघा. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा गोदावरीबाई पाड्यांवर जाऊन राहिल्या, त्यांच्यात जेवल्या, त्यांची भाषा शिकल्या. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली, तीही याच तालुक्यातल्या वेठबिगारांमध्ये काम करत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीने विहिरींचं पाणी उपसणाऱ्या टँकरांविरुद्ध माणसं रस्त्यावर आणली, कारण विहीर त्या माणसांच्या अंगणात होती. या तिघांची राजकीय मतं एक नव्हती. पण लोक जिथे होते तिथे जाऊन काम करायचं, हे तिघांनाही कळलं होतं.

तेव्हा कार्यक्रम करा, पण कामणमध्ये. १४ एप्रिलची मिरवणूक इथेही निघू शकते आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला तारपा वाजतोच. त्या गर्दीत एक टेबल टाका, मतदार नोंदणीचं आणि माहिती अर्जांचं. क्रिकेटचा सामना तुम्हीही भरवा, प्रवेश फी म्हणून प्रत्येक संघाकडून एक सही केलेलं निवेदन घ्या. व्याख्यान वीस मिनिटांचं असू द्या, रात्री नऊला, पाळी सुटल्यावर, चाळीच्या अंगणात, मराठीत आणि हिंदीत.

आणि सुरुवात क्षेत्रसभेच्या मागणीने करा. निवेदन एका पानाचं: आमचं क्षेत्र जाहीर करा, सभेची तारीख सांगा. ते घेऊन वीस जणांनी वालीवच्या प्रभाग कार्यालयात जायचं, पोच घ्यायची. प्रभागातल्या नगरसेवकांना प्रत द्यायची, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं, तारीख मिळेपर्यंत. तारीख मिळालीच नाही तर सतरंजी टाकून आपणच सभा घ्यायची, इतिवृत्त लिहायचं आणि तेही नेऊन द्यायचं.

यात थरार नाही. पहिल्या खेपेला साहेब जागेवर नसतील. दुसऱ्या खेपेला वीसातले अकराच येतील. यावर रील बनणार नाही. पण तिसऱ्या खेपेला शिपाई तुम्हाला ओळखेल आणि चौथ्या खेपेला नगरसेवकाचा फोन येईल. तो विचारेल, ‘तुमचं नक्की काम काय आहे?’ तेव्हा ‘आमच्या गल्लीतला दिवा’ असं सांगून फोन ठेवू नका. सभेची तारीख मागा.