ना घरची, ना घाटाची

मराठीतील भ्रमंतीपर ललितलेखाचा एक साचा आता पुरता बसला आहे. पहाटेचे धुके, ओल्या गवतातली पायवाट, पाठीवर पिशवी, हाती काठी. पुढे धावणारा आणि वळणावर थांबून मालकाची वाट पाहणारा कुत्रा. माथ्यावर पोचताच लेखकाला होणारा एकांताचा साक्षात्कार. डोंगराचे नाव बदलावे, कुत्र्याचे नाव बदलावे, की नवा लेख तयार. हा साचा सह्याद्रीतला नाही, बालाघाटातला तर नाहीच. इंग्लंडच्या टेकड्यांवरून, लेक डिस्ट्रिक्टच्या कवितांतून आणि त्या कवितांवरच्या पाठ्यपुस्तकी टिपांतून तो आपल्याकडे आला. परक्या साच्याशी आमचे वैर नाही. सुनीत आणि लघुनिबंधही तसेच आले आणि इथले झाले. आमचा आक्षेप निराळा आहे. आपण साचा उचलला तो अर्धाच. धुके घेतले, कुत्रा घेतला. त्या टेकडीवरचे भांडण मात्र तिथेच ठेवून आलो.

भांडण कोणते, ते पाहू. 1805 च्या एप्रिलमध्ये चार्ल्स गॉफ नावाचा तरुण चित्रकार आपल्या कुत्रीसह हेल्व्हेलिन डोंगरावर गेला आणि परतला नाही. तीन महिन्यांनी एका मेंढपाळाला भुंकणे ऐकू आले. कुत्री मालकाच्या अवशेषांपाशी होती. या घटनेवर वर्ड्‌स्वर्थने ‘फिडेलिटी’ लिहिली, वॉल्टर स्कॉटनेही कविता केली. दोघांना दिसली ती स्वामिनिष्ठा. पण तीन महिने ती जगली कशावर, हा प्रश्न त्या काळीच उपस्थित झाला होता आणि त्याचे एक भीषण उत्तर वृत्तपत्रात छापलेही गेले होते. वर्ड्‌स्वर्थने हा प्रश्न ईश्वरावर सोपवला. उत्तर काहीही असो. कुत्र्यासह केलेल्या डोंगरयात्रेच्या इंग्रजी कवितेत भुकेचा प्रश्न पहिल्यापासून दबा धरून बसला आहे, एवढे आम्हांला नोंदवायचे आहे. आणि ती कुत्री सापडली तीही कवीला नव्हे, मेंढपाळाला.

दुसरी गोष्ट अधिक ठसठशीत आहे. इंग्लंडच्या टेकड्यांवर आज कुणीही मोकळेपणाने चालतो, तो हक्क निसर्गाने दिलेला नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या खासगी शिकारीसाठी राखलेल्या माळावर बंदी झुगारून चढले. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यानंतर 1949 चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, 2000 चा मुक्तसंचाराचा कायदा आला. या दुसऱ्या कायद्यानुसार खुल्या केलेल्या माळावर 1 मार्च ते 31 जुलै या काळात कुत्रा आखूड दोरीने बांधूनच न्यावा लागतो, आणि मेंढ्या जवळ असतील तर वर्षभर. म्हणजे तिथल्या सकाळच्या फेरीतही जमीनमालक, मेंढपाळ, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि चालणारा यांचा तंटा आणि तडजोड दोरीच्या रूपाने हातात असते. आमच्या ललितलेखकाने कुत्रा आणला; दोरी आणली नाही.

आता बालाघाटाकडे यावे. बीड जिल्ह्याच्या उत्तरेला गेवराई-माजलगावची गंगथडी आहे. दक्षिणेकडे आष्टी, पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई या भागांत बालाघाटाच्या रांगा आणि पठारे आहेत. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते. सौताड्याला विंचरणा दरीत झेप घेते. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला पायी दिंड्या येतात. या डोंगरांत कुत्र्यासह चालणारे कोण? मेंढरे घेऊन फिरणारे धनगर. त्यांचा कुत्रा मालकाच्या पुढे बागडत नाही, कळपाच्या कडेने चालतो. रात्री जाळ्याची वाघर लावून मेंढ्या आत घेतल्या की तो बाहेर बसतो, कारण लांडगा बाहेरून येतो. ज्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या असतील त्या शेताची हद्द, शेतकऱ्याशी झालेला सौदा, पुढच्या मुक्कामाचे पाणी, वनरक्षकाची चाहूल हे सारे त्या चालण्यात असते. दसरा सरला की ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडेही आहेत. काही कुत्री बैलगाडीबरोबर कारखान्यापर्यंत जातात. काही ओस पडलेल्या वस्तीत म्हाताऱ्यांपाशी उरतात. हे चालणे लेखणीला दिसत नाही असे नाही. दिसते; पण मराठी समीक्षेच्या कोठारात त्याचा कप्पा वेगळा आहे.

हा कप्पाच आमच्या रोषाचा विषय आहे. शहरातून आलेला माणूस डोंगर चढला की ते ‘निसर्गलेखन’. डोंगरातला माणूस तोच डोंगर चढला की ते ‘ग्रामीण जीवनाचे चित्रण’, किंवा मग समाजशास्त्राच्या स्वाधीन केलेले ‘स्थलांतर’. पहिल्याला सौंदर्यानुभव, दुसऱ्याला दैन्य. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घ्या. मास्तर, मेंढरे, माळ आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेली वाडी: मराठीत चालण्याचे आणि भूप्रदेशाचे याहून नेटके गद्य क्वचितच सापडेल. पण प्रश्नपत्रिकेत गेली कित्येक दशके विचारले जाते ते ‘ग्रामीण कादंबरी म्हणून मूल्यमापन करा’. भूदृश्याच्या तासाला आपण डॅफोडिल्स शिकवतो. आम्हीही शिकवली आहेत; या आरोपातून आम्ही स्वतःला वगळत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे: मग काय डोंगरावर फक्त कष्टकऱ्यांनीच जावे? निरुद्देश चालण्याचा आनंद हा गुन्हा का? मुळीच नाही. किंडर स्काउटवर गेलेले कामगार सुट्टीचा आनंद मागायलाच गेले होते. आमचे म्हणणे उलट टोकाचे आहे. आनंद मेंढपाळालाही असतो. उतार, वारा, गवताचा वास, कुत्र्याच्या भुंकण्यातला फरक यांची त्याची जाण कुठल्याही ललितलेखकाहून सूक्ष्म असते. ती जाण आपण सौंदर्यदृष्टी म्हणून वाचत नाही, माहिती म्हणून वाचतो. उणीव त्याच्या अनुभवात नाही, आपल्या वाचनात आहे.

या वाचनाचे फळ काय, ते 2021 च्या डिसेंबरमध्ये दिसले. माजलगाव तालुक्यातील लवूळ गावात वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत होती. अनेक पिल्ले मेली. वन विभागाने दोन वानरे पकडून नेली. मधल्या काळात आकडे फुगत गेले, ‘सूड’ नावाची कथा रचली गेली आणि जगभरचे लोक खदखदून हसले. बीड जिल्ह्याचा कुत्रा जगाच्या वाचनात आला तो असा, विनोद होऊन. वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ (1982) सारखी कादंबरी ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या अभ्यासकांनी तरी ही घटना गंभीरपणे वाचायला हवी होती. वाचल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

खरे तर आपल्याकडे याहून जुना आणि कठोर वारसा आहे. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, तेराव्या शतकातला लीळाचरित्र, हा एका अखंड चालणाऱ्या पुरुषाचा ग्रंथ आहे. त्यात शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून जीव घेऊन धावलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतो. महाप्रस्थानात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो. या तिन्ही कथांत कुत्रा शोभेचा नाही. तो चालणाऱ्याला प्रश्न विचारतो: अभय कुणाला? अन्न कुणाचे? प्रवेश कुणाला? हेल्व्हेलिनची कुत्रीही हेच विचारत होती. ज्या भ्रमंतीलेखातला कुत्रा काहीच विचारत नाही, तो लेख इंग्रजीही नव्हे आणि मराठीही नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. भ्रमंतीचा कोणताही लेख वर्गात घेताना तीन प्रश्न विचारावेत: ही जमीन कुणाची? कुत्र्याने काय खाल्ले? वाटेत मेंढरे कुणाची होती? ‘बनगरवाडी’ एकदा निसर्गलेखन म्हणून शिकवून पाहावी, ‘फिडेलिटी’ एकदा मेंढपाळाच्या बाजूने. आपल्या वर्गांत ऊसतोडीच्या गाडीत वाढलेली, वाघरीशेजारी झोपलेली मुले बसतात. उत्तरे त्यांना ठाऊक असतात. पण आपले चालणे हे साहित्य नव्हे, एवढेच ती आपल्याकडून शिकतात आणि त्याची लाज बाळगत पदवीधर होतात.

धोब्याच्या कुत्र्याची म्हण आपण दुसऱ्यांना लावत आलो. परक्या टेकडीचे भांडण न घेता धुके घेणारी आणि दाराशी उभ्या असलेल्या बालाघाटाला न वाचणारी अभिरुची ही ना घरची, ना घाटाची. बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते, गाडी आपणच ओढतो. आपल्या समीक्षेलाही तसेच वाटत आले आहे. तिने निदान एकदा बाहेर येऊन बैलांकडे पाहावे.